राहिल्याचा दाखला

२०२४ साली वसुबारस २८ ऑक्टोबरला होती. वहिनी शेजारच्या गाईला ओवाळायला ताट घेऊन निघाली होती, भाऊ वावरात सोयाबीनच्या मागं होता, आबाजी ओसरीवर सुपारी कातरत बसले होते आणि त्यांच्या शेजारी पुतणी मोबाईलवर वाकली होती. जेईई मेनचे फॉर्म त्याच दिवशी सुटले होते.

“काय भरून राहिली वं?” आबाजींनी विचारलं.

“फॉर्म. इंजिनिअरिंगचा.”

“बारावी झाली काय तुही?”

“नाही आबाजी, फेब्रुवारीत पेपर आहेत.”

“अन् हा फारम?”

“बारावीच्या नंतरचा.”

आबाजींचा अडकित्ता थांबला. “म्हणजे पेरलं नाई अन् खळं करून राहिली तू.”

ही पुतणी आता पुण्यात होस्टेलच्या भाजीला नावं ठेवत सुखानं नांदते आहे, म्हणून हे सगळं सांगायला हरकत नाही. तेव्हा मात्र घरात वेगळंच वातावरण होतं. आमच्या रिसोडात एका पोरीनं विद्यापीठाचा फॉर्म भरायचा म्हणजे फक्त तिनं भरायचा असं नसतं. बाप, आई, काका, आजोबा आणि मेलेले पणजोबा अशा पाच जणांची त्यात भरती होते. पोरीला प्रवेश मिळतो, बाकीच्यांना पावती मिळते.

घरात मला इंग्रजी येतं असा एक जुना गैरसमज आहे. १९८९ साली मी बारावी झालो, त्यात इंग्रजीचा पेपर निघाला, आणि त्या भांडवलावर मी आजवर घरातली औषधांची चिठ्ठी, विम्याची नोटीस आणि मिक्सरचं वॉरंटी कार्ड वाचत आलो आहे. त्यामुळं फॉर्मचं खातं आपोआप माझ्याकडं आलं. पण मला जो क्रम ठाऊक होता तो असा: आधी पेपर, मग आंबे, मग निकाल, मग फॉर्म. पेपर आणि निकाल यांच्यामध्ये चांगले दोन महिने असायचे, त्या काळात आपण हुशार आहोत की ढ याचा कोणाकडंच कागदी पुरावा नसायचा, आणि त्या संशयाचा फायदा घेऊन आम्ही विहिरीत मनसोक्त पोहून घ्यायचो. निकाल लागला की कॉलेजात जायचं, खिडकीतून एक पानाचा फॉर्म घ्यायचा, तिथंच मांडीवर ठेवून भरायचा. विद्यापीठ अमरावतीचं, १९८३ साली निघालेलं, म्हणजे माझ्यापेक्षा लहान. त्यामुळं त्याची भीतीही नव्हती. मला त्यानं घेतलं, कारण त्याला नाही म्हणायची सवय लागायची होती.

पुतणीचा क्रम ऐका. फॉर्म ऑक्टोबरात. परीक्षा जानेवारीत. मग फेब्रुवारीत बारावीचे पेपर. एप्रिलमध्ये सीईटी. मे महिन्यात केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी, जी २०२२ साली सुरू झाली आणि जिच्यात तिनं ‘असू द्या हाताशी’ म्हणून नाव घातलं होतं. या सगळ्या गर्दीत बारावीचा निकाल कधीतरी ५ मेला येऊन गेला. लग्न लागून, जेवणं होऊन, मंडपवाला खांब उपटायला लागल्यावर रुसलेला जावई पोचावा तसा. यावं, बसावं, पण तुमच्यावाचून काही अडलं नव्हतं. इंजिनिअरिंगच्या राज्यातल्या प्रवेशाला बारावीत तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. तेवढे असले की बारावीचं काम संपलं. ज्या परीक्षेसाठी माझ्या आईनं अमरदास बाबाला नारळ बोलला होता, ती परीक्षा आता फाटकावरच्या चौकीदाराएवढी उरली आहे.

फॉर्मचा पहिला रकाना नावाचा. मला वाटलं, हा सोपा.

आपल्या बोर्डात नाव आडनावापासून सुरू होतं. आधारवर ते शेवटी आहे. मधलं नाव वडिलांचं आहे, पण त्यातली वेलांटी इंग्रजीत जाताना एकदा ‘आय’ झाली आणि एकदा ‘डबल ई’. दहावीच्या गुणपत्रिकेवर बापाच्या नावामागं ‘राव’ आहे, आधारवर तो राव उतरलेला आहे. आमच्या भावाचा रुबाब दहावीच्या कागदापुरताच टिकला, हे वहिनीनं त्या दिवशी तीनदा सांगितलं. शिवाय भावाची जन्मतारीख १ जून. माझीही १ जून. आमच्यात वर्षाचं अंतर तीन आहे, पण तारीख एकच, कारण दोघांना शाळेत घालायला नेलं ते एकाच आबाजींनी, आणि गुरुजींनी विचारलं तेव्हा आबाजी म्हणाले होते, “पावसाच्या आधी झाला.” गुरुजींनी पावसाळा ७ जूनचा धरून हिशेब केला. आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी असतो. त्या दिवशी फेसबुक उघडलं की वऱ्हाडात सामूहिक प्रसूती झाल्यासारखं वाटतं.

मग फोटो. पांढरी पार्श्वभूमी, दोन्ही कान दिसले पाहिजेत, चेहरा चौकटीत भरून आला पाहिजे. वहिनीनं दिवाळीसाठी धुतलेली चादर दाराला टांगली. पोरगी समोर उभी राहिली. मी फोटो काढला. फोटोत कान दिसत होते, चेहरा होता, आणि चादरीच्या वरून आबाजी डोकावून पाहत होते. दुसऱ्या फोटोत आबाजी नव्हते, पण ‘आकार मर्यादेपेक्षा जास्त’ असा शेरा आला. वहिनी म्हणाली, “चेहऱ्याचा का?” तेव्हापासून पोरीनं आईला फॉर्मच्या खोलीत येऊ दिलं नाही.

१ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झालं. रात्री न्यू जर्सीहून मामेभावाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं सकाळ होती आणि त्याच्या घरी लक्ष्मीपूजनापेक्षा मोठी धांदल चालली होती, कारण त्याचा मुलगाही शाळेच्या शेवटच्या वर्षात, आणि अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची ‘अर्ली’ अर्जाची शेवटची तारीख तीच, १ नोव्हेंबर. मला फार बरं वाटलं. आपलीच पोरगी खळ्याआधी मळणी करते आहे असं नव्हतं, साता समुद्रापलीकडंही तीच तऱ्हा.

मामेभावानं समजावून सांगितलं. त्यांच्याकडं ‘अर्ली डिसिजन’ म्हणून प्रकार आहे. पोरानं एकच विद्यापीठ निवडायचं आणि लिहून द्यायचं की तुम्ही घेतलं तर मी येणारच, बाकी ठिकाणचे अर्ज मागं घेणार. डिसेंबरच्या मध्याला उत्तर येतं.

“म्हणजे साखरपुडाच झाला,” वहिनी म्हणाली.

“हो, पण मोडता येत नाही.”

“अन् हुंडा?”

मामेभावानं फीचा आकडा सांगितला. वहिनीनं पुढं काही विचारलं नाही.

त्या पोराला अर्जाबरोबर निबंध लिहावा लागला होता. साडेसहाशे शब्दांत सांगायचं की मी कोण, माझ्या आयुष्यात कोणती अडचण आली आणि मी तिच्यावर कशी मात केली. पोरगं बिचारं महिनाभर अडचण शोधत होतं. घरात अडचणच नाही, त्यामुळं त्याची पंचाईत झालेली. त्यानं आमच्या पुतणीला इंग्रजीत विचारलं, तुझी अडचण कोणती? ती म्हणाली, “ओटीपी.” त्याला वाटलं हा आजार आहे.

इंग्लंडात आणखी निराळं. तिकडं शाळेतले शिक्षक पोराला किती मार्क पडतील याचा अंदाज लिहून देतात, आणि त्या अंदाजावर विद्यापीठं ‘एवढे पडले तर ये’ असं आधीच कळवून ठेवतात. हे वाचल्यावर मी गंभीरपणे विचार केला. आमचे गणिताचे गुरुजीही अंदाज वर्तवत. नववीतच त्यांनी सगळ्या वर्गाचं भविष्य एका वाक्यात सांगितलं होतं आणि त्यात म्हशी होत्या. तो अंदाज अमरावती विद्यापीठानं ग्राह्य धरला असता तर आमच्या वर्गातून एकही पदवीधर निघाला नसता. मात्र जिल्ह्यात दूध वाढलं असतं.

पण ‘अर्ली’चं वारं फक्त परदेशातच आहे असं नाही. दिवाळीनंतर भावाला फोन यायला लागले. पहिला आला तेव्हा तो मळणीयंत्राशेजारी उभा होता.

“सर, आपल्या पाल्याचं हार्दिक अभिनंदन!”

“कायचं?” भाऊ ओरडला. यंत्रासमोर सगळे ओरडूनच बोलतात.

“आमच्या विद्यापीठात अर्ली अॅडमिशनसाठी आपल्या पाल्याची निवड झाली आहे.”

“आमी तं फारमच नाई भरला.”

“म्हणूनच तर अर्ली, सर!”

एका खासगी विद्यापीठाचा हा फोन. नाव सांगत नाही, आणि त्या दोन महिन्यांत इतक्या ठिकाणांहून अभिनंदन झालं की एकट्याचं नाव घेणं अन्याय होईल. आमच्या पोरीचं नाव त्यांना कुठून मिळालं ते पिंगळाक्षी देवीलाच ठाऊक. फी वर्षाला सात लाख, पण ३१ डिसेंबरच्या आत दहा हजार भरून सीट धरली तर ‘गुणवत्ता शिष्यवृत्ती’ म्हणून निम्मी माफ. बारावी नाही, जेईई नाही, गुण कुठलेच नाहीत, आणि गुणवत्ता मात्र त्यांनी फोनवरून ओळखलेली.

भाऊ हिशेब क्विंटलमध्ये करतो. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. साडेतीन लाख म्हणजे साडेएकाहत्तर क्विंटल. हमीभावानं विकलं गेलं तर. आमचं वावर पाच एकर, बरं पिकलं तर एकरी सात क्विंटल. म्हणजे पोरीचं एक वर्ष शिकायला वावराला दोन वर्षं पिकावं लागेल, आणि चार वर्षांची पदवी म्हणजे आठ पिकं. “तिची डिग्री होईल,” भाऊ म्हणाला, “अन् वावर नापास होईल.”

पण बाजाराचा अनुभव माणसाला धीर देतो. तिसऱ्या फोनला त्यानं शांतपणे विचारलं, “सातचे साडेतीन आताच झाले. मार्चपर्यंत थांबलो तर किती करसान?” समोरची मुलगी म्हणाली, “सर, सीट संपतील.” भाऊ म्हणाला, “व्यापारी बी मले दर साली हेच म्हन्ते.” त्यानंतर त्या विद्यापीठानं आमचा नंबर सोडून दिला.

आता मूळ दुखण्याकडं येतो. दाखले.

फॉर्ममध्ये प्रवर्ग टाकला की नॉन-क्रिमीलेअर लागतो. वहिनीनं विचारलं, हे काय असतं? मी म्हटलं, “क्रीम म्हणजे साय. आपल्यावर साय नाही असं सरकारनं लिहून द्यायचं.” मर्यादा वर्षाला आठ लाखांची. वहिनी म्हणाली, “साय कशाची, इथं दूधच पातळ.” पण लेखी लागतं. आणि एक लेखी पुरत नाही. राज्याच्या प्रवेशाला राज्याचा नमुना, दिल्लीच्या परीक्षेला केंद्राचा नमुना. घर तेच, गंज तोच, दूध तेच. मुंबईनं एकदा तापवून पाहायचं, दिल्लीनं एकदा. बरं, साय नाही हे कायमचंही ठरत नाही. ३१ मार्चला दाखल्याची मुदत संपते. १ एप्रिलला आमच्यावर एका रात्रीत साय आली असेल असा सरकारला संशय असतो, तो दर खेपेला खोटा निघतो.

दाखले काढायला सेतू केंद्रावर जायचा मुहूर्त आम्ही उत्तम काढला. नोव्हेंबर २०२४. विधानसभेची निवडणूक २० तारखेला, मोजणी २३ला, आणि जेईईचा फॉर्म बंद व्हायची तारीख २२. जिथं सह्या व्हायच्या तिथले सगळे हात मतदानयंत्रांच्या कामाला लागलेले. त्यांचा दोष नाही. लोकशाही आणि आमची पोरगी एकाच आठवड्यात उभ्या राहिल्या, त्याला कोण काय करणार? सेतूवाला भाऊ चांगला माणूस. तो म्हणाला, “काका, टेन्शन नका घेऊ. पावती चालते.” या वाक्यावर मी निम्मं वर्ष काढलं. दाखला नसला तर दाखल्याच्या अर्जाची पावती चालते. माझा तर आता असा समज झाला आहे की मेल्यावर चित्रगुप्तापुढं पुण्य दाखवायला नसलं तरी अर्ज केल्याची पावती जवळ असावी.

भावाचा अंगठा मात्र यंत्रावर चालेना. पंचवीस वर्षं फवारणी, निंदण, विळा, आणि त्या हंगामात सोयाबीनची कापणी. रेषा पार गुळगुळीत झालेल्या. यंत्र पुन्हा पुन्हा म्हणे, जुळत नाही. सेतूवाल्यानं ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं, मग भावाला म्हणाला, “डोक्यावरून फिरवा.” तेलकट केसांवरून अंगठा फिरवला आणि यंत्रानं ओळखलं. बोटावर माणूस उरला नव्हता, डोक्यावरून थोडा घ्यावा लागला.

यापुढचा कागद जात पडताळणीचा, म्हणजे व्हॅलिडिटीचा. तो काढायला घराण्यातला जुना पुरावा लागतो, आणि जुना म्हणजे किती जुना हे ठरलेलं आहे. आमच्या प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा. काहींना २१ नोव्हेंबर १९६१, काहींना १० ऑगस्ट १९५०. पोरीला सन २०२९चं इंजिनिअर व्हायचं आहे, पण आधी १९६७च्या मागं जाऊन या, असा मार्ग. त्यात वंशावळ लिहायची, तीही शपथेवर. ती लिहायला बसल्यावर पणजोबांना दोन भाऊ होते की तीन यावर चुलत घराण्याशी जो वाद झाला, तो अजून चालू आहे. तिसऱ्या भावाच्या वाट्याला आलेलं वावर कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न त्यात निघाला. मी पेन खाली ठेवलं. दोनच भाऊ लिहिले.

पुरावा म्हणून कोणी म्हणालं कोतवाल बुकाची नक्कल काढा, कोणी म्हणालं शाळेचा निर्गम उतारा काढा. शाळा बरी, कारण आबाजी आयुष्यभर सांगत आले होते की ते चौथी पास आहेत. साधी चौथी नव्हे. “तवाची चौथी म्हणजे आताचं बी.ए.” हे वाक्य आमच्या घरात तीन पिढ्यांनी जेवताना ऐकलं आहे. मी मॅट्रिकला गणितात अडकलो तेव्हा ऐकलं, भावानं कॉलेज सोडलं तेव्हा त्यानं ऐकलं, आणि पुतणीला सहामाहीत फिजिक्समध्ये कमी पडले तेव्हा तिनंही.

डिसेंबरात मी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी दाखल-खारीज रजिस्टर काढलं. कापडात बांधलेलं, कडा उंदरांनी तपासलेल्या. १९५१च्या पानावर आबाजी सापडले. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जात, सगळं टाकानं, सुरेख वळणात. मला इतका आनंद झाला की मी मुख्याध्यापकांचा हात हातात घेतला. मग माझी नजर शेवटच्या रकान्याकडं गेली. शाळा सोडल्याचं वर्ष: १९५४. इयत्ता: तिसरी. शेरा: सतत गैरहजर, सबब नाव कमी केले.

घरी उतारा आला. सगळ्यांनी वाचला. कोणी काही बोललं नाही. आबाजी संध्याकाळपर्यंत सुपारी कातरत राहिले, एवढी की दोन दिवस पुरली. रात्री जेवताना पोरगी फिजिक्सचं पुस्तक उघडून बसली होती, तिला ते म्हणाले, “त्या साली बैल मेला व्हता आपला.” एवढंच.

पण त्या उताऱ्यात आणखी एक गंमत होती. जन्मस्थळ: रिसोड, तालुका वाशीम, जिल्हा अकोला. पोरीच्या दाखल्यावर: रिसोड, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम. सेतूवरच्या नव्या पोरानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, “काका, तुमचं घराणं अकोल्याहून इकडं कवा आलं?”

मी त्याला सांगत बसलो. आमचं घराणं कुठूनच आलं नाही. आबाजी १९४४ साली जन्मले ते मध्य प्रांत व वऱ्हाडात. नाव कमी झालं ते मध्य प्रदेशात, कारण १९५० साली प्रांताचं नाव बदललं. मुंज झाली नव्हती, पण झाली असती तर ती १ नोव्हेंबर १९५६ नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात झाली असती. लग्न महाराष्ट्रात, १ मे १९६० नंतर. भाऊ आणि मी अकोला जिल्ह्यात जन्मलो. मग १ जुलै १९९८ला आम्ही वाशीम जिल्ह्यात आलो, आणि हे म्हणजे परत आलो, कारण वाशीम हा इंग्रजांच्या काळात जिल्हा होताच, तो त्यांनी १९०५ साली मोडला होता. आणखी मागं गेलो तर १८५३च्या आधी आम्ही निजामाकडं. पाच-सहा सरकारं आणि तीन-चार राजधान्या. हैदराबाद, नागपूर, मुंबई. या सगळ्यात आबाजी कुठं होते? ओसरीवर. ओसरीची फरशी तेवढी बदलली, शहाबादी झाली.

पोरगं म्हणालं, “मंग कागदावर तर तुमचे आबाजी लई फिरले.”

गावात रेल्वे नाही. गाडी धरायची तर चाळीसेक किलोमीटरवर वाशीमला जावं लागतं. आबाजी आयुष्यात तीनदा पंढरपूर, एकदा लोणारची धार आणि एकदा अकोल्याला डोळ्याच्या ऑपरेशनला गेले, आणि तेही म्हणतात की अकोल्याला पट्टी बांधलेली होती, सबब पाहिलं नाही. त्या माणसाच्या नावावर एवढा प्रवास.

जानेवारीत पोरीची जेईई झाली. केंद्र अकोल्याला. पहाटे मालेगाव, मेडशी, पातूरचा घाट करत आम्ही तिघं गेलो, पोरगी आत गेली आणि मी व भाऊ बाहेर इतर बापांबरोबर उभे राहिलो. तिथं दोनशे बाप असतील. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की समोरच्याच्या पोरीला सगळं येतं. एकानं हळूच विचारलं, “व्हॅलिडिटी आली का तुमची?” मग मात्र सगळे बोलायला लागले. पेपर सुटेपर्यंत मी अकोला, बुलडाणा आणि हिंगोली जिल्ह्यांतल्या कोतवाल बुकांची सविस्तर माहिती मिळवली.

त्या परीक्षेचा निकाल कधी लागावा? ११ फेब्रुवारी २०२५. त्याच दिवशी बारावीचा पहिला पेपर, इंग्रजीचा. पोरगी पेपर लिहून घरी आली, चपला काढल्या, आणि कळलं की तिचा पुढचा निकाल आलाय. मागचा पेपर अजून तपासायला गठ्ठ्यात बांधला जात होता. ८७ पर्सेंटाइल.

“म्हणजे शंभरात सत्त्याऐंशी?” आबाजींनी विचारलं.

“नाही आबाजी. शंभर पोरं रांगेत उभी केली तर सत्त्याऐंशी माझ्या मागं.”

“अन् मोरं?”

“बारा-तेरा.”

“अन् त्याहिले कितीक मार्क पडले?”

“ते नाही कळत यावरून.”

आबाजींनी बराच वेळ विचार केला. “म्हणजे तू कुठवर गेली ते नाई सांगत. मांगं किती राह्यले ते सांगते.” वाक्य कोणत्याही शिक्षणतज्ज्ञानं लिहिलं असतं तर अग्रलेखात छापलं गेलं असतं. पण त्यांचं नाव तिसरीतूनच कमी झालेलं.

दिल्लीच्या रांगेत पुढच्या बारा-तेरांतलेच सगळी जागा घेतात, हे उघड होतं. त्यामुळं मग राज्याची सीईटी, आणि राज्याचा प्रवेश म्हटला की अधिवासाचा दाखला. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास असं त्याचं पूर्ण नाव. गावातले लोक डोमिसाईल म्हणतात. कागद पुन्हा तेच: शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, विजेचं बिल, बापाचे कागद, पोरीचे कागद, स्वयंघोषणापत्र. सिद्ध काय करायचं? की ही पोरगी इथं राहिली. इतकी वर्षं, सलग, याच राज्यात.

हे लक्षात आल्यावर मी सेतूच्या बाकड्यावर थोडा वेळ तसाच बसून राहिलो. चार महिने मी या पोरीला गावातून बाहेर काढायच्या मागं होतो. फॉर्म, फोटो, अंगठे, वंशावळ, सगळी खटपट तिनं जावं म्हणून. आणि त्यातला सगळ्यात मोठा कागद हा की ती कुठं गेली नाही. जो राहिल्याचं सिद्ध करील त्यालाच जाता येईल. जे गेले त्यांना राहिल्याचा दाखला मिळत नाही, आणि जे राहिले त्यांना तो लागत नाही. मी हे सेतूवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, “काका, सर्व्हर स्लो आहे, तोवर चहा घेऊन या.”

मार्चच्या शेवटी, गुढीपाडव्याच्या दोन दिवस आधी, दाखला आला. त्या दिवशी आबाजींना रेशनच्या ई-केवायसीसाठी अंगठा द्यायला न्यायचं होतं, म्हणून पोरगी, मी आणि ते असे तिघं निघालो आणि वाटेत सेतूवर थांबलो. छपाईयंत्रातून कागद गरम गरम बाहेर आला. पोरीनं उभ्या उभ्या वाचला. अमुक यांची कन्या, राहणार रिसोड, ही महाराष्ट्र राज्याची अधिवासी आहे.

“म्हणजे काय वं?” आबाजींनी विचारलं.

“म्हणजे मी इथं राहते.”

“आता तं जाऊन राहिली नं तू?”

“जायसाठीच लागतो हा.”

आबाजींनी कागद हातात घेतला. उलटा करून पाहिला, मागं काही नव्हतं. शिक्का पाहिला. मग सेतूवाल्याला म्हणाले, “माहाबी काढ एक.”

“तुमाले कायले, आबाजी?”

“ऐंशी वर्सं झाले. एकाच ओसरीवर हाव. कोनं लिहून नाई देल्लं.”

मी म्हटलं, आबाजी, चला, रेशनचं दुकान बंद होईल. पण सेतूवाला तोवर अर्ज उघडून बसला होता. नाव टाकलं. जन्म १९४४. पत्ता टाकला. जिल्हा वाशीम, तालुका रिसोड. मग एका रकान्यावर अडला.

“कारन टाका लागते, आबाजी. दाखला कायसाठी पायजे. शैक्षणिक, नोकरी, का इतर?”

मी ‘इतर’ म्हणायला तोंड उघडलं होतं.

“शिक्षन टाक,” आबाजी म्हणाले. “तिसरीतून नाव कापलं व्हतं माहं. चौथी राह्यलीच हाय.”

पोरगी दाराकडं पाहायला लागली. सेतूवाल्यानं वर पाहिलं नाही. ‘शैक्षणिक’वर टिचकी मारली, यंत्र पुढं सरकवलं आणि म्हणाला, “अंगठा आना इकडं. आधी डोक्यावरून फिरवा.”